मॅडमची परकी टेबलं

'असेल' हा शब्द मॅडमना चालत नसे. आणि आमच्या चाकणच्या कंपनीचा तर सगळा कारभार याच शब्दावर चालायचा. माल निघाला असेल. गाडी मोशीच्या पुढे आली असेल. तपासणी झाली असेल. कुणी मॅडमच्या टेबलापाशी येऊन असं काही बोललं की त्या चष्मा कपाळावर चढवून विचारत, "असेल नको. आहे की नाही?" समोरचा चाचरला की खुर्ची मागे सारून उठत. "चला, बघून येऊ."

आणि खरंच जात. अंगावर सुती साडी, पायांत पुरुषी सेफ्टी शूज, सर्व्हर रूमच्या गारठ्यामुळे बारमाही चढवलेला तपकिरी स्वेटर, डोक्यावर पिवळं हेल्मेट. अशा अवतारात त्या प्रेस शॉपमधून चालू लागल्या की मशिनवरची माणसं बाजूला होऊन वाट देत. आयटीची माणसं सहसा खाली उतरत नाहीत, त्यांना सगळं पडद्यावर दिसतं. मॅडमना पडद्यावर दिसलेलंही एकदा डोळ्यांनी पाहावंसं वाटे.

कंपनी प्रेसमध्ये पत्रा दाबून मोटारींचे भाग बनवते. तिथले सगळे डेटाबेस मॅडम सांभाळत. मी राजगुरुनगरहून कंपनीच्या बसने जायचो आणि रिपोर्ट बनवायचो. माझं टेबल त्यांच्या शेजारी होतं. मी वयाने आणि हुद्द्याने कितीतरी लहान, तरी पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत त्यांनी मला 'तुम्ही'च म्हटलं. चहावाल्यालाही 'तुम्ही' आणि प्लांट हेडलाही 'तुम्ही'. दोघांनाही ते थोडं खटकायचं.

नोकरीला लागलो तेव्हा मी त्यांच्याकडे ठेकेदाराच्या कामगारांची हजेरी मागितली. "एक्सेलमध्ये काढून द्या ना मॅडम, मी रिपोर्टला जोडतो."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी जेवणाच्या ताटात पाय ठेवला होता. मग चाचणीच्या एका मशिनवर मला बसवलं आणि म्हणाल्या, "हजेरीचं टेबल दिसतंय? विचारा, आज कोण कोण आलंय."

मी विचारलं. पडदाभर नावं आली.

"किती ओळी आहेत या टेबलात?"

मी आकडा सांगितला.

"चूक. एकही नाही." असं म्हणून त्यांनी मशिनच्या मागची केबल उपसली. "आता विचारा."

मी तोच प्रश्न पुन्हा टाकला. पडदा नुसता अडकून बसला आणि थोड्या वेळाने चूक झाल्याचा संदेश देऊन मोकळा झाला. नावं कुठेच नव्हती.

"हे टेबल आपल्या घरात दिसतं," मॅडम म्हणाल्या, "पण माणसं ठेकेदाराच्या घरी आहेत. आपण फक्त दार बसवलंय. तुम्ही प्रश्न विचारला की आपला डेटाबेस त्या दारातून पलीकडे जातो, त्यांच्या डेटाबेसला विचारतो आणि उत्तर घेऊन येतो. आणलेलं काही ठेवून घेत नाही. पुन्हा विचारलंत तर पुन्हा जातो."

डेटाबेसच्या भाषेत याला फॉरेन टेबल म्हणतात. मॅडम 'परकं टेबल' म्हणत, आणि ऑफिसात त्यांच्या माघारी या सगळ्या प्रकाराला 'मॅडमची परकी टेबलं' असं नाव पडलं होतं. पत्रा पुरवणारे, भागांवर प्लेटिंगचा मुलामा चढवून देणारे, बसवाले, कॅन्टीनवाले, माणसं पुरवणारा ठेकेदार, प्रत्येकाचा डेटाबेस आपापल्या जागी. मॅडमनी सगळ्यांकडे दारं बसवली होती. कुणाचीही कॉपी म्हणून ठेवलेली नव्हती.

यावरून प्लांट हेडशी त्यांचं कायम वाजायचं. पलीकडचं नेट गेलं की इकडचा रिपोर्ट लटकायचा, आणि ते केबिनमधून ओरडत बाहेर यायचे, "मॅडम, रोज एक कॉपी करून ठेवायला काय जातं तुमचं? सगळं जग करतं!"

"कॉपी केली की ती आपली होते," मॅडम शांतपणे म्हणत. "मग तिच्यात काय चुकलंय ते दिसत नाही माणसाला."

"पण आत्ता उत्तर मिळत नाहीये त्याचं काय?"

"मिळालं की. तिकडे लाइन बंद आहे, हे उत्तर आहे आत्ताचं."

प्लांट हेड कपाळाला हात लावून परत जात. त्यांना उडवून लावता येत नसे, कारण मॅडम बहुतेक वेळा बरोबर निघत. मी लागण्याच्या आधी म्हणे प्लेटिंगवाल्याच्या मालाची यादी रोज सकाळी एक्सेलमध्ये उतरवून घेत आणि दिवसभर त्यावर भरवसा ठेवत. एकदा त्या यादीत माल होता, म्हाळुंग्याच्या गोदामात मात्र नव्हता. सकाळीच तो दुसऱ्या कंपनीला गेला होता. आमची लाइन बंद पडली आणि ग्राहकाची माणसं दारात येऊन बसली. त्यानंतरच मॅडमना परकी टेबलं बसवायची परवानगी मिळाली होती.

ऑफिसबाहेरही त्या तशाच होत्या. मोबाइल होता, पण आलेलं काही पुढे पाठवायच्या नाहीत. आमच्या कंपनीतून निवृत्त झालेल्या एका स्टोअरकीपरच्या निधनाची बातमी एकदा ग्रुपवर आली. दुपारपर्यंत सगळ्यांनी श्रद्धांजली वाहून टाकली, कुणी कुणी आठवणीही लिहिल्या. मॅडम अर्धी रजा टाकून बसने रावेतला गेल्या. दार उघडलं ते स्टोअरकीपरनेच, हातात झाडांना पाणी घालायचा पाइप घेऊन. गेला होता तो त्यांच्याच आडनावाचा दुसरा कुणीतरी. मॅडमनी तिथे चहा घेतला, निगडीत बस बदलून घरी गेल्या आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला एवढंच म्हणाल्या, "बरे आहेत. गुडघा दुखतो म्हणाले." आम्ही पोट धरून हसलो. त्या हसल्या नाहीत. आपण काही विशेष केलं असं त्यांना वाटलंच नव्हतं.

हे असं का, ते मी कधी विचारलं नाही. त्यांच्या घरी मात्र एकदा गेलो होतो. पिंपरीत, रेल्वे लाइनच्या अलीकडे कामगार वसाहतीतल्या जुन्या इमारतीत त्या आईबरोबर राहत. वडील तिथल्याच एका कारखान्यात फिटर होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. लग्न केलेलं नव्हतं. भिंतीवर बुद्धाची एक छोटी तसबीर, खाली वडिलांचा फोटो. आई खाटेवर बसलेली. तिला विसर पडत चालला होता.

मी चहा पीत असताना आईने विचारलं, "हे आले का गं?"

मॅडम उठल्या. गॅलरीत गेल्या, कठड्यावरून वाकून खाली रस्त्याकडे पाहिलं, परत आल्या आणि म्हणाल्या, "नाही आले अजून."

आई समाधानाने आडवी झाली. थोड्या वेळाने तिने पुन्हा तेच विचारलं. मॅडम पुन्हा उठल्या, पुन्हा गॅलरीत गेल्या. मी बसलो होतो तेवढ्या वेळात असं कितीदा झालं कोण जाणे. दर वेळी त्या उठून जात, आणि दर वेळी खाली नीट निरखून पाहत. बसल्या जागेवरून उत्तर देता आलं असतं. निघताना मी जिन्यात तसं म्हणालोही. मॅडम म्हणाल्या, "ती माझ्या पावलांचा आवाज ऐकते ना. गेले नाही तर तिला कळतं."

अपघात झाला त्या दिवशी मी माणला आमच्या दुसऱ्या ऑफिसात मीटिंगला गेलो होतो. त्यामुळे जे झालं ते मी मॅडमकडूनच ऐकलं.

पहिली शिफ्ट संपत आली होती. प्रेस शॉपमध्ये ठेकेदाराच्या एका कामगाराचा उजवा हात प्रेसच्या डायमध्ये, म्हणजे साच्यात, सापडला. हिंगोलीकडचा माणूस, बारावी शिकलेला, तिशीच्या आतबाहेरचा. तो आणि त्याचा भाऊ दोघंही ठेकेदाराकडे होते. भाऊ दुसऱ्या शिफ्टला असायचा. सेफ्टी ऑफिसरने घाईघाईने मॅडमना फोन केला, "मॅडम, याच्या घरच्यांचा नंबर बघा लवकर." मॅडमनी परक्या टेबलाला विचारलं. नाव आलं, गाव आलं, विभाग प्रेस, शिफ्ट पहिली, हजर. घरचा संपर्क म्हणून भावाचा नंबर. मॅडमनी तो फोनवर वाचून दाखवला. सेफ्टी ऑफिसरने भावाला फोन लावला. नानेकरवाडीच्या खोलीवर जेवत बसलेला भाऊ तसाच धावत आला. तोवर जखमीला अँब्युलन्समधून पिंपरीच्या सरकारी दवाखान्यात नेलं होतं. हात मनगटाच्या वरून काढावा लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोहोचलो तेव्हा मॅडम पडद्यासमोर बसल्या होत्या. स्वेटर न घालता. मला म्हणाल्या, "जरा इकडे या. मी चुकतेय का बघा."

त्यांनी कालची तारीख टाकून प्रेस शॉपची हजेरी मागितली. नावं आली. त्यात तो नव्हता. नाव टाकून शोधलं, ओळी शून्य. नाव वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहून पाहिलं, गावावरून पाहिलं. मागच्या महिन्याची हजेरी मागितली. तिथेही नव्हता. जणू तो माणूस कधी चाकणला आलाच नव्हता. आणि काल पहिल्या शिफ्टला हजर म्हणून त्याच्या भावाचं नाव लागलेलं होतं.

"काल इथे होता," मॅडम म्हणाल्या. "या ओळीत. मी वाचला."

"स्क्रीनशॉट काढलात?" मी विचारलं.

"मी काढत नाही."

"मग बॅकअप? कालच्या बॅकअपमध्ये असेल की."

विचारता विचारताच मला उत्तर कळलं होतं. परक्या टेबलाचा बॅकअप घेतला तर फक्त सांगाडा येतो. कोणते रकाने आहेत, दार कोणत्या सर्व्हरकडे उघडतं, एवढंच. आतली माणसं येत नाहीत, कारण ती आपल्याकडे कधी आलेलीच नसतात. आमच्या सर्व्हरच्या लॉगमध्ये मॅडमनी काल विचारलेला प्रश्न नोंदला गेला होता, अक्षरन् अक्षर. उत्तर नव्हतं. उत्तर लॉगमध्ये जात नाही.

ठेकेदाराचं ऑफिस कुरुळी फाट्याजवळ, टायरच्या दुकानावर. मी एका सहकाऱ्याची स्कूटर मागून घेतली, मॅडम मागे बसल्या आणि आम्ही गेलो. ठेकेदार नव्हता, त्याचा माणूस होता. तिथल्याच गावचा, पूर्वीच्या शेतांवर गोडाऊनं उठलेली, पांढरे कपडे, बोटांत अंगठ्या. त्याने आम्हाला बसवलं, पाणी दिलं.

"त्यो आमचा न्हाईच, मॅडम," तो म्हणाला. "भावाचं कार्ड घिऊन आत शिरला व्हता. आता आमी काय करनार? भावालाबी काढलाय आमी कामावरनं. असं कार्ड द्यायचं असतंय व्हय दुसऱ्याला?"

"काल दुपारी तो तुमच्या डेटाबेसमध्ये होता," मॅडम म्हणाल्या. "त्याच्या नावाने. मी पाहिलं."

"आत्ता बगा की. हाय का?"

"आत्ता नाही."

"मग झालं तर."

"मी काल पाहिलं, भाऊ."

तो माणूस वाईट नव्हता, निदान तेव्हा तसा वाटला नाही. त्याने पाण्याचा ग्लास मॅडमपुढे सरकवला आणि हळू आवाजात म्हणाला, "ताई, तुमच्याकडं कागद असता तर गोष्ट येगळी व्हती. तोंडी कुनाचं कोन ऐकतंय?"

कंपनीच्या गेटवर ठेकेदाराच्या माणसांची नुसती मोजदाद व्हायची, नावं घेत नसत. कार्ड पंच करायचं मशीन ठेकेदाराचं, सर्व्हरही त्याचा. एचआरकडे महिन्याच्या शेवटी येई तो फक्त एकूण आकडा. एका माणसाचं नाव पाहायची एकच जागा होती, ती म्हणजे मॅडमनी बसवलेलं दार. आणि पलीकडून आतलं सामान हलवलं गेलं होतं.

त्या दिवशी संध्याकाळी मॅडम दवाखान्यात गेल्या, मीही बरोबर होतो. जखमी कामगार गुंगीत होता. बायको खाटेच्या पायथ्याशी बसली होती, नुकतीच गावाहून आलेली. मॅडम तिच्याजवळ खाली बसल्या आणि जे जसं झालं ते सांगितलं. मी दुसरं काही सांगितलं असतं. चौकशी चालू आहे, बघू, काहीतरी होईल. मॅडमनी काही लपवलं नाही.

बाई सगळं ऐकून म्हणाली, "तुमच्या कंप्युटरमदी न्हवतं का लिवलेलं त्येंचं नाव?"

"लिहिलेलं त्यांच्याकडे होतं. मी रोज बघू शकत होते. आपल्याकडे ठेवलं नव्हतं."

"ठिवायचं हुतं की, बाई," ती म्हणाली.

रागाने नाही. एखादी वस्तू उन्हात राहून गेली म्हणून शेजारीण बोलते तसं.

नंतरचे महिने फार वाईट गेले. एचआरच्या साहेबांनी मॅडमना बोलावून सांगितलं की सिस्टिममध्ये तेव्हा गडबड होती, कुणाचं नाव कुणाच्या ओळीत दिसत होतं, असं दोन वाक्यांत लिहून द्या. मॅडमनी लिहून दिलं, पण त्यांना हवं ते नाही. आपण काय विचारलं, काय दिसलं, कुणाला वाचून दाखवलं, ते लिहिलं आणि त्याची एक प्रत थेट कामगार कार्यालयात नेऊन दिली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कशाची तरी प्रत काढली असेल. सेफ्टी ऑफिसरला विचारलं गेलं तेव्हा तो म्हणाला, गडबड होती, कुणी काय सांगितलं ते आता नक्की आठवत नाही. त्याची बदली झाली.

रविवारी मॅडम नानेकरवाडीत आणि खराबवाडीत कामगारांच्या खोल्या धुंडाळत. त्या शिफ्टला त्या कामगाराच्या शेजारच्या प्रेसवर कोण होतं, हे त्यांनी विचारत विचारत काढलं. माणसं सापडलीही. पत्र्याच्या खोल्यांपुढे भांडी घासत, दाढी करत बसलेली. मॅडमना ती ओळखत. "व्हय ताई, आमच्या बाजूलाच हुता," म्हणत. सहीचं निघालं की म्हणत, "बगतो ताई. पुढच्या रविवारी या." पुढच्या रविवारी खोलीला कुलूप असे. ठेकेदाराने त्यांना रांजणगावला हलवलेलं असे.

त्याने नुकसानभरपाईसाठी केलेल्या अर्जावर कामगार कार्यालयात मॅडमची साक्ष झाली. मी बाहेरच्या बाकावर होतो, दार उघडंच होतं. ठेकेदाराचा वकील सभ्य माणूस होता. त्याने विचारलं, "मॅडम, तुम्ही एवढ्या अनुभवी. त्या दिवशीचा एखादा कागद, फोटो, काही?"

"नाही."

"तुमच्या कंपनीत रोज कॉपी ठेवायची सूचना वरिष्ठांनी केली होती, हे खरं?"

"हो."

"ती कुणी नाकारली?"

"मी."

"तो संपर्काचा नंबर तर भावाचाच आहे. म्हणजे तुम्ही त्या दिवशी भावाची ओळ पाहिली असेल. घाईत नाव चुकीचं लक्षात राहिलं असेल."

मी वाट पाहिली, मॅडम त्याला त्याच्या शब्दावर अडवतील म्हणून. त्या चष्मा काढून पदराने पुसत राहिल्या.

कंपनीने त्यांना काढलं नाही. पुढच्या महिन्यात फर्मान आलं की सगळ्या परक्या टेबलांची रोज कॉपी झाली पाहिजे. कुणाला वाटलं मॅडम भांडतील. त्यांनी स्वतः बसून तो प्रोग्रॅम लिहिला. मी अजून तो सांभाळतो. इतकं नीटनेटकं काम मी दुसरं पाहिलेलं नाही. पलीकडची ओळ बदलली तर जुनी ओळ पुसली जात नाही, बाजूला ठेवली जाते. कधी बदलली, आधी काय होती, सगळं राहतं. कुणाला काही नाहीसं करता येऊ नये म्हणून जेवढं करता येईल तेवढं मॅडमनी त्यात केलंय. तो चालू करून दिला, मला समजावून सांगितला आणि राजीनामा टाकला. निरोप समारंभ नको म्हणाल्या. गेटवरच्या सुपरवायझरला नेहमीसारखं जयभीम करून बसमध्ये चढल्या. आता त्या पिंपरीतच असतात. आई गेली. दोन-तीन ठिकाणांहून कामाची विचारणा झाली होती, मीही एक आणली होती. "आता नको," एवढंच म्हणाल्या. फोन केला तर उचलतात. बोलणं फार होत नाही.

पण त्या कंपनी सोडून गेल्यावर एकदा त्यांचाच फोन आला होता. राजगुरुनगरला कोर्टाजवळ ठेकेदाराच्या वकिलाचं ऑफिस आहे, ते मला माहीत आहे का, म्हणून. मी एसटी स्टँडवर त्यांना घ्यायला गेलो. अंग उतरलं होतं. तो कामगार आणि त्याची बायको आधीच येऊन बाहेर पायरीवर बसले होते. उजवी बाही कोपराखाली दुमडून पिन लावलेली.

ठेकेदाराने तडजोड करायची ठरवली होती. भावाला परत कामावर घेणार होता आणि याच्या कृत्रिम हाताचा खर्च करणार होता. बदल्यात याने लिहून द्यायचं होतं की मी ठेकेदाराकडे कधी कामाला नव्हतो, त्या दिवशी भावाचं कार्ड घेऊन त्याला न सांगता आत गेलो. अर्ज मागे घेतो. वकिलाने वाचायला म्हणून कागद दिला होता, तो कामगाराने मॅडमपुढे धरला. त्यासाठीच त्याने त्यांना बोलावून घेतलं होतं.

मॅडमनी पायरीवर बसून सगळा कागद त्याला वाचून दाखवला. एकही शब्द गाळला नाही.

"हे खोटं आहे," वाचून झाल्यावर म्हणाल्या.

"ठावं हाय बाई," तो म्हणाला. "भाऊ रिकामा बसलाय कवाचा. पोरगी हाय त्याची. मलाबी कुठंतरी कामाला लागाया पायजे, असा हात घिऊन कोन ठिवून घेतंय?" मग मॅडमकडे पाहून म्हणाला, "तुमी एकट्याच बोलल्या आमच्यावतीनं. तुमी न्हाई म्हनला तर न्हाई करनार. करू का सही?"

बायको दुसरीकडे बघत होती. कोर्टात येणाऱ्या-जाणाऱ्यांची वर्दळ होती, रसवंतीच्या घुंगरांचा आवाज येत होता. मॅडम त्याच्या दुमडलेल्या बाहीकडे पाहत होत्या. मला वाटलं, आता त्या उठतील आणि कागद वकिलाच्या टेबलावर टाकून येतील. मी तशा मॅडमना ओळखत होतो.

"करा," त्या म्हणाल्या.

आम्ही आत गेलो. वकिलाच्या कारकुनाने शाईचा पॅड पुढे केला. "अंगठा चालेल."

"सही येती मला," तो म्हणाला, आणि पेन डाव्या हातात घेतलं.

कागद गुळगुळीत, टेबलाला काच. त्याने पेन टेकवलं की कागद पुढे सरकायचा. दाबून धरायला दुसरा हात नव्हता. कारकून घड्याळाकडे बघत होता. मॅडम खुर्चीवरून उठल्या, टेबलाच्या कडेशी गेल्या आणि त्याची सही होईपर्यंत कागदावर आपला तळहात दाबून उभ्या राहिल्या.